विश्लेषण : माळ्यावर सापडलेली आजोबांची बांबूची गळकाठी, पॉलिश करण्याआधी काय पाहावे?

धंतोली, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्स, महाल. नागपुरातल्या या जुन्या वस्त्यांमधली घरे पाडून त्या जागी फ्लॅट स्कीम उभ्या राहत आहेत. घर रिकामे करताना माळ्यावरून पितळेची भांडी निघतात, ग्रामोफोनच्या तबकड्या निघतात. कधी कधी एक लांबट, मळकी कापडी पिशवीही निघते. तिच्या आत वेगवेगळ्या खणांत तीन-चार बारीक काठ्या, त्यांच्या टोकांना धातूच्या नळ्या, अंगावर छोट्या छोट्या कड्या आणि एका काठीला बुचाच्या लाकडाची मूठ असते. आजोबा किंवा पणजोबा मासे धरायचे, एवढेच घरात कोणाला तरी आठवत असते.

पुढचे बहुतेक वेळा ठरलेले असते. एक तर ती पिशवी भंगारवाल्याकडे जाते, नाही तर कोणी हौसेने काठ्यांना सँडपेपर मारून, चकचकीत पॉलिश करून दिवाणखान्यात लावतो. दुसरा प्रकार जास्त वाईट. भंगारात गेलेली काठी निदान एखाद्या जाणकाराच्या हाती लागू शकते. सँडपेपरखाली गेलेली काठी मात्र आपली सगळी ओळख गमावून बसते. ही ओळख नेमकी कोणती आणि काठीचा बांबू आपल्याच भागातल्या बांबूचा भाऊबंद असण्याची शक्यता का आहे, ते पाहू.

सर्वात आधी काय पाहायचे?

काठीचा छेद. धातूच्या नळीजवळ काठी कशी दिसते ते बघा. बोटांत धरून हळूच फिरवली तर कडा जाणवतात का?

सहा कडा जाणवल्या, म्हणजे काठी षटकोनी असली, तर ती ‘स्प्लिट केन’ आहे. बांबू उभा चिरून, त्याच्या सहा त्रिकोणी कामट्या तासून त्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. काठी गोल असेल आणि तिच्यावर नैसर्गिक पेरे दिसत असतील तर तो अखंड बांबू. हिमालयातल्या रिंगाळ या बारीक बांबूच्या अशा काठ्या पूर्वी भरपूर वापरल्या जात. काठी गोल, पण पेरे अजिबात नाहीत, रंग गडद आणि वजन जास्त, असे असेल तर ती बहुधा बांबूची नाहीच. ग्रीनहार्ट नावाच्या दक्षिण अमेरिकेतल्या जड लाकडाच्या काठ्या एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये लोकप्रिय होत्या, आणि इंग्रजांच्या सामानातून त्या इथेही आल्या.

षटकोनी काठीच्या टोकाच्या छेदात मध्यभागी धातूचा ठिपका दिसला तर दचकू नका. ताकद वाढवण्यासाठी आत पोलादी तार घातलेल्या काठ्याही निघत. एकाच पिशवीत सारख्याच दोन शेंडे-काठ्या असतील तर त्यातली एक सुटी, जादाची. शेंडा सर्वात नाजूक आणि तोच आधी मोडतो, म्हणून चांगले कारागीर दोन शेंडे देत. तो ‘जास्तीचा तुकडा’ समजून टाकून देऊ नका.

सहा कामट्यांचा खटाटोप कशासाठी?

बांबूची गळाची काठी आपल्याला नवीन नाही. फुटाळ्याच्या काठावर आजही कोणी ना कोणी साध्या बांबूला तंगूस बांधून बसलेला दिसतो. काही रुपयांत होणारे काम. मग कोणी एक बांबू चिरून, तासून, परत चिकटवण्यात महिना कशाला घालवेल?

याचे उत्तर बांबूच्या पोटात आहे. बांबूचा आडवा काप बघितला तर त्यात बारीक गडद ठिपके दिसतात. हे धाग्यांचे जुडगे. आतल्या बाजूला ते विरळ असतात आणि बाहेरच्या सालीकडे दाट होत जातात. काठी वाकते तेव्हा सर्वाधिक ताण तिच्या बाहेरच्या पृष्ठभागावर येतो आणि मध्यभागी तो जवळपास शून्य असतो. म्हणजे ताकद जिथे लागते तिथेच निसर्गाने धागे ठेवले आहेत. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचा पेपर दिलेल्या कोणालाही हा बांबू बघून थोडा हेवा वाटेल.

पण अखंड बांबूची एक अडचण आहे. तो बुडाकडून शेंड्याकडे किती निमुळता व्हावा हे झाड ठरवते, कारागीर नाही. बाहेरून तासून बारीक करावा तर तीच धाग्यांची मौल्यवान साल निघून जाते. यावरचा तोडगा म्हणजे बांबू उभा चिरा, प्रत्येक कामटीचा आतला मऊ भाग ६० अंशांच्या कोनात तासून काढून टाका, बाहेरची साल तशीच ठेवा आणि अशा सहा त्रिकोणी कामट्या साल बाहेर येईल अशा जुळवून चिकटवा. समभुज त्रिकोण सहा जुळले की षटकोन होतो, मध्ये पोकळी उरत नाही. आता काठी कुठे किती जाड हवी ते कारागिराच्या रंध्याने ठरते.

या जाडीचे महत्त्व केवढे, ते एका आकड्यातून कळेल. भरीव काठीची जाडी दुप्पट केली की तिचा वाकण्याला होणारा विरोध दुप्पट नाही, चौपटही नाही, १६ पट वाढतो. म्हणून मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा फरकसुद्धा हातात जाणवतो. शेंड्याजवळ तर अख्खी काठीच दोनेक मिलिमीटर जाड, म्हणजे एकेक कामटी जाड कागदाच्या दोन-तीन घड्यांएवढी. ती हाताने तासायची, तीही सहा वेळा, अगदी सारखी. शिवाय बांबूची पेरे म्हणजे कमकुवत जागा. ती सहाही कामट्यांत एकाच ठिकाणी आली तर काठी तिथेच मोडणार. म्हणून कामट्या खालीवर सरकवून लावतात. तुमच्या काठीवर पेरांच्या खुणा अशा विखुरलेल्या दिसल्या तर कोणीतरी विचारपूर्वक काम केले आहे असे समजा.

या तंत्राचे श्रेय बहुतेकदा अमेरिकेच्या पेनसिल्वेनियातील ईस्टन गावच्या सॅम्युअल फिलिपी याला दिले जाते. हा बंदुका दुरुस्त करणारा आणि व्हायोलिन बनवणारा कारागीर. १८४० च्या दशकात त्याने चिरलेल्या बांबूच्या काठ्या केल्या. पुढे हायरम लेनर्ड या मेन राज्यातल्या कारागिराने १८७० च्या दशकात सहा कामट्यांची पद्धत रूढ केली आणि कामट्या तासायला यंत्र आणले. इंग्लंडमध्ये १८७२ मध्ये सुरू झालेल्या, अ‍ॅनिक गावच्या हार्डी ब्रदर्सने हे काम मोठ्या प्रमाणावर नेले. त्यांच्या स्प्लिट केन काठ्यांवर ‘पॅलाकोना’ हे व्यापारी नाव असे. ब्रिटिश साम्राज्यात जिथे जिथे साहेब गेला तिथे हे नाव गेले.

बांबू कुठला? ‘कलकत्ता केन’ म्हणजे आपला मानवेल?

या गोष्टीचा सर्वात रंजक भाग हाच, आणि विदर्भातल्या वाचकाने थांबून वाचावा असा.

सुरुवातीच्या अमेरिकी आणि इंग्रजी काठ्या ज्या बांबूच्या होत, त्याला तिकडे ‘कलकत्ता केन’ म्हणत. कलकत्ता बंदरातून जहाजावर चढणारा बांबू म्हणून कलकत्ता. तो वाढला कुठे, कापला कोणी, हे त्या नावात नाही. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत हा बांबू म्हणजे डेन्ड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस, असे सामान्यतः मानले जाते. इंग्रजीत आजही त्या प्रजातीचे एक प्रचलित नाव ‘कलकत्ता बांबू’ असेच आहे. दुसरे नाव ‘मेल बांबू’, म्हणजे नर बांबू.

आणि हाच आपला मानवेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, मेळघाट इथल्या जंगलांत सर्वाधिक दिसणारा बांबू. कोरड्या, खडकाळ जमिनीत वाढला की तो जवळजवळ भरीव होतो. म्हणूनच तो पोलिसाच्या लाठीला चालतो. ब्रिटिशांच्या काळात घोडदळाच्या भाल्यांचे दांडेही याच नर बांबूचे असत. ज्या गुणासाठी भाला, त्याच गुणासाठी गळाची काठी. भरीव भिंत आणि दाट धागा.

तुमच्या आजोबांच्या काठीतला बांबू थेट आलापल्लीच्या किंवा नवेगावच्या जंगलातून गेला, असा याचा अर्थ नाही. ही प्रजाती भारतभर पसरलेली आहे. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. कच्चा माल इथल्या जातीचा, तो बोटीने गेला, तिकडे तासला गेला आणि त्यावर एका परदेशी कारागिराचे नाव शाईने लिहिले गेले. मग तीच काठी कितीतरी पट दराने परत हिंदुस्थानात विकायला आली. कापसाची गोष्ट आपण शाळेत शिकतो. बांबूचीही तशीच आहे, फक्त ती कोणी शिकवत नाही.

साधारण १९०० नंतर चित्र बदलले. कारागिरांना चीनमधला ‘टोन्किन केन’ मिळाला. सरळ, लांब पेरांचा, धागे आणखी दाट. गंमत म्हणजे नाव इथेही फसवेच. टोन्किन हा व्हिएतनामचा उत्तर भाग, पण हा बांबू येतो दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातून. कँटनमध्ये शिकवणारे अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्लॉइड मॅक्क्लूर यांनी १९३१ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली आणि नाव दिले ‘अमॅबिलिस’, म्हणजे प्रेम करावे असा. तोवर कारागीर कित्येक वर्षे तो वापरत होते.

मग आपल्या काठीत कोणता हे कसे ओळखायचे? कलकत्ता केनच्या अंगावर बहुतेकदा आगीवर फिरवल्याच्या काळपट-तपकिरी खुणा असतात, ठिपक्या-ठिपक्यांच्या किंवा पट्ट्यांच्या. पेरे जवळ-जवळ असतात. टोन्किनची काठी बहुधा एकसारखी पिवळसर, सोनेरी किंवा भाजून केलेली तपकिरी. पण नुसत्या डागांवरून निकाल देऊ नका. पुढे काही कारागीर टोन्किन बांबूही शोभेसाठी मुद्दाम ज्योतीवर भाजत. डाग, जवळची पेरे आणि काठीचे बाकीचे वय सांगणारे तपशील, हे सगळे जुळले तरच मानवेल म्हणा.

नागपुरात ही काठी कशी पोहोचली असेल?

१८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. कामठीची लष्करी छावणी तर त्याच्याही आधीची, १८२१ ची, आणि ती कन्हान नदीकाठी. म्हणजे काठी हाती असलेला अधिकारी आणि पाणी, दोन्ही हाकेच्या अंतरावर.

आज आपण विसरतो, पण तेव्हा नर्मदाही याच प्रांतात होती. जबलपूर, होशंगाबाद, नागपूर, चांदा हा एकच कारभार होता. १९५६ पर्यंत नागपूरच राजधानी राहिले. वनखात्यातला, सिंचनातला किंवा रेल्वेतला माणूस बदलीवर नर्मदेकाठी जायचा आणि निवृत्तीला नागपुरात यायचा. नर्मदेतला मोठा मासा म्हणजे महाशीर, आज मध्य प्रदेशचा राज्यमासा. त्याच्यासाठी साहेब लोक अक्षरशः वेडे होते. मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधील हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले. त्यात त्यांचा दावा असा की, त्याच वजनाच्या सॅमनपेक्षा महाशीर जास्त झुंज देतो. इंग्रज माणसाने सॅमनला दुसरा नंबर देणे ही तेव्हा मोठीच गोष्ट होती.

महाशीर महाराष्ट्रालाही परका नाही. दख्खनच्या महाशीराची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केली. शास्त्रीय नावातला ‘खुद्री’ हा शब्द आपल्याकडच्या बोलीतल्या नावावरून आला. त्याच मुळा-मुठेत आज काय वाहते यावर वेगळे विश्लेषण लिहावे लागेल.

हिंदी कारकून, रेंजर, डॉक्टर, इंजिनीअर यांच्या घरी अशा काठ्या येण्याचे मार्ग साधे होते. कलकत्ता-मुंबईच्या दुकानांतून खरेदी, बदली किंवा निवृत्तीच्या वेळी साहेबाने दिलेली भेट आणि १९४७ च्या आसपास बंगल्यांतल्या सामानाची विक्री. बंगाल-नागपूर रेल्वे झाली, तेव्हापासून कलकत्त्याचा बाजारही जवळ आला होता. त्यामुळे काठीवर किंवा रिळावर कारागिराऐवजी दुकानदाराचे नाव दिसले तर नवल नको.

या सगळ्यात ढीमर आणि भोई समाजाचे नाव कुठेच लिहिलेले नसते. साहेबाच्या काठीला मासा लागायचा तो बहुतेकदा नदीचा डोह कुठे आहे, कोणत्या खडकाखाली मासा दबून बसतो, हे माहीत असलेल्या स्थानिक माणसामुळे. पुस्तकांत त्याचा उल्लेख फार तर ‘शिकारी’ किंवा ‘बोटमन’ असा येतो. काठी घरात वारशाने आली, ती माहिती कोणाच्या घरात वारशाने गेली हे शोधणे अधिक अवघड आहे.

काठी किती जुनी, हे घरबसल्या कळेल का?

वर्ष नाही कळणार, पण दशकापर्यंत जाता येते.

काठीवर जागोजागी रेशमी दोऱ्याचे बारीक वेढे असतात. कड्या बांधायला ते लागतातच. पण कड्या नसलेल्या जागीही बोट-दोन बोटांवर वेढेच वेढे असतील तर काठी जुनी, बहुधा पहिल्या महायुद्धाच्या आसपासची किंवा त्याआधीची. कारण तेव्हा कामट्या सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या डिंकाने चिकटवत. सरस दमटपणात मऊ पडतो. कारागिराचा त्यावर पूर्ण भरवसा नसे, म्हणून दोऱ्याची हमी. पुढे चांगले डिंक आले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम रेझिन आले, तसे हे मधले वेढे नाहीसे झाले.

कड्या पाहा. पहिल्या किंवा शेवटच्या कडीत लालसर-तपकिरी चमकदार दगड बसवलेला असेल तर तो अकीक. दोरा घासून धातूला खाच पडू नये म्हणून तो असे. अकीकाला तडा गेला असेल तर तो डोळ्यांना दिसत नाही. कडीतून कापसाचा बोळा फिरवा, तडा असेल तर तंतू अडकतात.

जोडाच्या नळ्या जर्मन सिल्व्हरच्या आहेत की पितळेच्या, त्यावरूनही दर्जा कळतो. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे मुठीच्या वरच्या भागात, जुन्या वार्निशखाली, फिकट शाईने हाताने लिहिलेले काही आहे का? कारागिराचे नाव, काठीचे नाव, लांबी, कधी एखादा क्रमांक. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून पाहा. सँडपेपरच्या दोन हातांत जे पुसले जाते ते हेच.

लाकडी पेटीत, रंगीत पिसांच्या कृत्रिम माश्यांसह आलेला संच असेल तर तो बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने निर्यातीसाठी काढलेला. त्यावर ‘ऑक्युपाइड जपान’ असे छापलेले असेल तर वर्षे निश्चितच १९४५ ते १९५२. पेटी देखणी असते, काठी बऱ्याचदा बेताची.

याच्या पुढचा इतिहास थोडक्यात असा. १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि तिथल्या कारागिरांचा टोन्किन थांबला. त्याच सुमारास फायबरग्लास आला, १९७० च्या दशकात कार्बन फायबर आला. बांबू मागे पडला. पण काचेचे किंवा कार्बनचे धागे रेझिनमध्ये बसवून जे केले जाते, तेच बांबू लाखो वर्षे करत आला आहे, हे पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही पुस्तकात सापडेल.

काय करायचे आणि काय अजिबात नाही?

नळ्या जाम झाल्या असतील तर पिळू नका. हा मोह प्रत्येकाला होतो. काठी सहा कामट्यांची आहे आणि पिळण्याचा सगळा जोर शंभर वर्षे जुन्या सरसावर येतो. कामट्या एकमेकींपासून सुटतात आणि तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. दोन माणसांनी जोडाच्या दोन्ही बाजू धरून सरळ रेषेत ओढायचे. नाही निघाले तर तेवढ्यावर सोडून द्या. पक्कड, हातोडी, गॅसची ज्योत यातले काहीही जवळ आणू नका. नळी सैल असेल तर सोनाराकडे डाग मारायला नेण्याची कल्पनाही वाईट. त्या उष्णतेत आतला बांबू कोळसा होतो.

खाण्याचे तेल, फर्निचरचे पॉलिश, फेव्हिकॉल नको. कोरड्या मऊ सुती कापडाने धूळ पुसा. फारच मळ असेल तर कापड किंचित ओले, आणि लगेच कोरडे पुसून घ्या. नळ्या चकचकीत करण्याचीही गरज नाही.

काठी डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून तिच्या लांबीवरून नजर टाका. थोडा बाक असेल तर त्यात आश्चर्य नाही. वर्षानुवर्षे भिंतीला टेकवून ठेवलेली असणार. मग कामट्यांच्या सांध्यांवरून नख फिरवा. कुठे फट लागते का? काठी हलकेच, अगदी हलकेच वाकवून कानाजवळ धरा. टिकटिक असा आवाज आला तर सांधा सुटला आहे. अशी काठी मासे धरायला वापरायची नाही. पिशवीत बारीक पिवळट भुकटी पडलेली दिसली तर बांबूला भुंगा लागला आहे, आणि ती काठी घरातल्या इतर लाकडी सामानापासून आधी बाजूला काढा.

नागपूरच्या हवेत ठेवण्याचा प्रश्न वेगळाच आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे आणि हवा कोरडी ठाक. जुलैत तीच हवा ओलीचिंब. बांबू आकसतो, फुगतो. वार्निश तडकते आणि तडकलेल्या जागेतून दमटपणा आत सरसापर्यंत पोहोचतो. स्लॅबखालचा माळा ही म्हणून सर्वात वाईट जागा. कूलरसमोरची भिंत दुसरी. आतल्या खोलीत, कोरड्या कपाटात, मूळ कापडी पिशवीला बहुतेकदा असतो त्या बंदाने उभी टांगून ठेवणे उत्तम. प्लॅस्टिकच्या बंद नळीत ओलसर काठी ठेवली तर बुरशी हमखास.

रेशमी वेढे सुटले असतील तर ते परत घालणे हे धीराच्या माणसाला जमणारे काम आहे. सुटलेल्या कामट्या चिकटवणे, नळी बदलणे हे नव्हे. आपल्याकडे बांबू चिरण्यात बुरड कारागिरांचा हात कोणी धरणार नाही. कामटीची जाडी ते डोळ्यांनी सांगतात. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे. तिथल्या बांबूकामात गळकाठीचा समावेश व्हायला काही हरकत नाही असे मला वाटते. माल इथला आणि हातही इथलेच आहेत.

अर्थात, हा माल हातात येणेच इथल्या लोकांसाठी सोपे नव्हते. वनस्पतिशास्त्रात बांबू गवत आहे, पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यात तो ‘झाड’ होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटले. तरीही गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला स्वतःच्या जंगलातला बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना मिळाला तो एप्रिल २०११ मध्ये. तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश त्यासाठी गावात आले होते. जंगलाबाहेर लावलेला बांबू ‘झाडा’च्या व्याख्येतून वगळण्यासाठी नोव्हेंबर २०१७ उजाडला. कलकत्ता बंदरातून बोटी भरून बांबू जात होता, तेव्हापासून हे सगळे व्हायला शंभराहून जास्त वर्षे गेली.

मग किंमत किती?

हाच प्रश्न सर्वात आधी विचारला जातो, म्हणून मुद्दाम शेवटाकडे ठेवला. बहुतेक काठ्यांची किंमत फारशी नसते. स्प्लिट केन काठ्या त्या काळी कारखान्यांतून हजारोंनी निघत. संग्राहक ज्यासाठी पैसे मोजतात त्या काठ्या नामांकित कारागिराच्या, पूर्ण लांबीच्या, दोन्ही शेंडे असलेल्या, मूळ वार्निश आणि लिखाण शाबूत असलेल्या. शेंडा दोन इंच जरी तुटलेला असला तरी भाव घसरतो. कारण मघाशी पाहिलेले निमुळतेपणाचे गणितच बिघडते. बऱ्याचदा काठीपेक्षा तिच्यासोबतचे जुने पितळी रीळ जास्त मोलाचे निघते. तेव्हा पिशवीबरोबर एखादा डबा आहे का तेही बघा.

परदेशी संकेतस्थळावर विकायचा विचार असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. पुरावशेष आणि कलानिधी कायदा, १९७२ नुसार १०० वर्षे किंवा त्याहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. काठी त्या व्याख्येत येते की नाही हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून तपासून घेता येते, वस्तू पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्रही मिळते. पार्सल अडकल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते बरे.

या काठीने मासे धरता येतील का?

सांधे पक्के, नळ्या घट्ट, बाक किरकोळ असे असेल तर येतील. पण जपून. आजचा तंगूस आणि वेणीचा दोरा जुन्या काठीपेक्षा बळकट असतो. गळ खडकात अडकला आणि तुम्ही ओढले तर पूर्वी आधी दोरा तुटायचा, आता काठी तुटेल. हलका दोरा वापरा. अडकलेला गळ काठीने नाही, दोरा हाताला कापड गुंडाळून ओढा. मासा काठावर आणताना काठी मागे डोक्यावर नेऊन शेंडा कमानीसारखा वाकवू नका. वापरानंतर पुसून, दोन तास वाळवून मगच पिशवीत.

कुठे धरायचे हाही प्रश्न आहेच. पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या तोतलाडोह जलाशयात मासेमारीला बंदी आहे. संरक्षित जंगलातल्या पाण्यात गळ घेऊन उतरणे हा विचारच सोडा. बाकीच्या बहुतेक तलावांत मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तिथला मासा त्यांचे उत्पन्न आहे, आपला रविवार नाही. आधी संस्थेला विचारा. मुंबईत पवई तलावावर हौशी गळवाल्यांची जुनी संघटना आहे, तिथे सभासद होऊन रीतसर बसता येते. महाशीराचा मोह असेल तर लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरचे महाशीर संवर्धन केंद्र १९७० च्या दशकापासून पिल्ले तयार करून जलाशयांत सोडत आले आहे, त्याविषयी वाचा. महाशीर लागलाच तर तो परत पाण्यात सोडायचा, हा आता जगभरातल्या गळवाल्यांचा रिवाज आहे.

रोहू, कतला किंवा मरळ यांच्यासाठी मात्र एवढी जुनी काठी काढू नका. मरळ शेवाळात घुसली की तिला ओढून काढावे लागते, आणि ते काम फुटाळ्याकाठच्या साध्या बांबूला चांगले जमते.